डब्यातला समुद्र

पिंडाला कावळा शिवेना.

गुंजवणीच्या काठावर, धरणाचं पाणी फुगून थांबतं तिथं, सोनियाचा दहावा होता. सातवीतली पोर. वैरण काढताना पेंढ्यातल्या घोणशीनं डंख केला आणि वेल्ह्याच्या दवाखान्यात नेईतोवर जीव राहिला नाही. नारायण महाराजांचं प्रवचन झालं. एरवी महाराजांनी नुसती टाळी वाजवली तरी माणसं डोलायला लागायची, विठ्ठलनामानं काठ भरून जायचा. आज गजर कुणाच्या गळ्यातून वर आलाच नाही. पिंड मांडले, माणसं मागं सरली. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या जिवाचं काहीतरी मागं अडलंय. मग घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा, ही रीत.

बाप सोमनाथ हात जोडून पुढं झाला. "सोने, तुजी शेळी इकनार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"धाकटीला शिकवू. तुज्यावानी शेतात न्हाई राबवनार."

काही नाही.

"आरं, खीर कुनी केलीया? गूळच घातला नसंल," चुलता ज्ञानू म्हणाला. दोघंतिघं हसल्यासारखी झाली आणि लगेच गप्प बसली.

तेवढा वेळ आई सखूबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. तिनं ते सोडलं. "सहल ऱ्हायली तिची," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना सौदामिनीबाईंकडं वळल्या.

बाई भोरहून रोज स्कूटीवर वाडीच्या शाळेत यायच्या. दिवाळीनंतर सातवीची सहल कोकणात न्यायची ठरली होती, समुद्र बघायला. ऐन वेळी वरंध घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला. त्याच सुमाराला एका कंपनीनं शाळेला डोळ्यांवर चढवायचे गॉगल दिले. पोरं त्याला डबा म्हणायची. डबा चढवला की मान फिरवाल तिकडं समुद्र. लाटा आल्या की पोरं खुर्चीवर पाय वर घ्यायची. बाईंनी होड्या दाखवल्या, शंख-शिंपले दाखवले, भरती-ओहोटी समजावली. तास फार रंगला. मुख्याध्यापकांनी फोटो काढून वर पाठवले, सहल झाली म्हणून.

सोनियानं डबा काढला आणि विचारलं, "बाई, ह्यो बगितला. आता खऱ्याला कधी जायाचं?"

"घाट उघडला की," बाई म्हणाल्या होत्या.

घाट उघडला. पण झालेली सहल पुन्हा कोण मंजूर करतो? बाईंनी विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं.

"बोला की बाई," ज्ञानू म्हणाला. "तुमच्या डब्यातनं म्हनं कुटं बी जाता येतं. आमच्या पोरीकडं बी जाऊन या."

"ज्ञानबा, आज तरी तोंड आवर," महाराज म्हणाले.

बाई चपला काढून पुढं झाल्या. "सोनिया, मी सगळ्या वर्गाला समुद्रावर घेऊन जाईन. खऱ्या समुद्रावर. तुझी शपथ."

एक कावळा उठला. माणसं आणखी मागं सरली. तो पाण्यावरून सरळ पलीकडं निघून गेला.

"ह्ये तुमी तिला जितेपनी बी सांगितलं व्हतं," सखूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

ऊन चढलं. भटजींनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. असं अडलं की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

"नगं," सखूबाई एकदम पुढं आली. "पोरीला डब्यातला समुद्र दावला. आता कावळा बी गवताचा?"

महाराज तिच्याजवळ गेले. "माउली, मूर्ती तरी काय, दगडच की. देव भाव बघतो. तू मनापासून ठेव, पोचंल."

"देवाला चालत आसंल, महाराज. त्यो जानता हाय. ती लेकरू हाय."

उभी हयात निरूपणात घालवलेल्या महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"किती येळ ताटकळत ठिवायची तिला?" सोमनाथ म्हणाला आणि त्यानं भटजींना मान हलवून खुणावलं. गवताचा कावळा पिंडाला लागला. पिंड पाण्यात सोडले. माणसं आंघोळी उरकून वाटेला लागली.

सखूबाई पाण्याशीच उभी होती. "बाई, तुमी भूगोल शिकवता. ह्ये पानी समुद्राला जातं का वो?"

"जातं. इथून नीरेला, मग भीमेला, मग कृष्णेला. शेवटी समुद्रच."

सखूबाईचा चेहरा जरा सैलावला. बाईंना तिथंच थांबता आलं असतं. पण घाटाच्या वेळेसारखं पुन्हा अर्धंच सांगून थांबायचं त्यांना धाडस होईना.

"पण मध्ये हे धरण आहे, सखूबाई. दारं आत्ता बंद आहेत. पावसात उघडतात."

"मंजी पावसापतूर पोरगी हितंच."

बाईंनी मान खाली घातली. "हो."

"मंग म्या बी हितंच," सखूबाई म्हणाली आणि ओल्या चिखलात बसली.

वरून सोमनाथनं हाक मारली. मग धाकटीनं मारली. ती उठली नाही.