फक्त बोलण्याचा पॅक

रोहण्याच्या आठवडी बाजारात मोबाइल कंपनीची छत्री लागली होती आणि तिच्याखाली उभा राहून मुकेश माइकवर ओरडत होता, "अर्ध्या किमतीत रोज दोन जीबी! बोलणं तर फुकटच!"

गंगाबाई उइके भाजीची पिशवी घेऊन तिकडेच निघाली होती. कापूस वेचायला वीस बायांची टोळी नेणारी ही बाई. उद्या कोणाच्या वावरात जायचं, हे सगळं तिच्या फोनवर ठरायचं. दोन महिन्यांपूर्वी याच छत्रीखाली तिनं सवलतीचा पॅक घेतला होता. अठ्ठावीस दिवस झाले आणि सवलत संपली. दुसऱ्यांदा तोच पॅक पूर्ण किमतीत भरावा लागला. त्याचे पैसे जुळेपर्यंत दोन दिवस फोन बंद होता, तेवढ्यात काम दुसऱ्या टोळीनं नेलं. वीसही बाया घरी बसल्या. ते तिच्या मनातून जात नव्हतं. आणि आता तोही पॅक उद्या संपत होता.

मुकेशनं तिला लगेच ओळखलं. "या मावशी, या! ह्या आपल्या जुन्या ग्राहक. सांगा लोकायले, किती फायदा झाला!" त्यानं माइक तिच्या हातात दिला.

गंगाबाईनं आयुष्यात माइक धरला नव्हता. भोंग्यातून स्वतःचा श्वास ऐकून ती दचकली. मग बोलली, "सवलत मले भेटली, खोटं नाई बोलत. पण माहा फोन बटनाचा. ते दोन जीबी त्यात चालतच नाई. मंग सवलत कायची भेटली मले?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "माहाही बटनाचाच हाय!"

"कोणाकोणाचा हाय? हात वर करा." भाजीवाल्या, कटिंगवाला, ओट्यावरचे म्हातारे, सगळ्यांचे हात वर गेले. गंगाबाई वळली. "मुकेशभाऊ, फक्त बोलाचा पॅक नाई का?"

"तसा पॅक नसते मावशी," म्हणत त्यानं माइकला हात घातला.

तिनं सोडला नाही. मागच्या वेळी पॅकसोबत मिळालेल्या जाहिरातीच्या कागदामागं बारीक अक्षरात कंपनीचा नंबर होता. बचत गटात शिकलेल्या अक्षरांनी तिनं तो घरी वाचून काढला होता. तिनं तो लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माइकजवळ धरला. आधी गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली, "नमस्कार, मी अंकिता. काय मदत करू?"

"बाई, मले नेट नाई पाहिजे. फक्त बोलाचा पॅक हाय का?"

"हो, आहे ना. चौऱ्याऐंशी दिवसांचा. कोणत्याही दुकानात मिळेल, आणि नेटच्या पॅकपेक्षा स्वस्त पडेल."

बाजारात शिट्ट्या वाजल्या. मुकेश खाली मान घालून पुटपुटला, "मावशी, त्याच्यात आमाले काई सुटत नाई. वरचे म्हणतात, नेटवालाच विका."

"मंग वरच्याले सांगजो, रोहण्यातल्या बाया आता विचारून घेतात."

गर्दीतून कॉलेजातली सोनम पुढं आली. "मावशी, माहा तं अभ्यासच फोनवर असते. मी काय घेऊ?"

"नेट तुह्या कामाचं हाय तं हा नेटवालाच घे. पण सवलत संपल्यावर किती पडते, ते आधी विचारजो."

पहिला रिचार्ज गंगाबाईचा झाला. मागं रांग लागली, ती पार मिरचीच्या दुकानापर्यंत. मुकेशनं अंधार पडेपर्यंत एकतीस जणांना तो पॅक भरून दिला. शेवटी शेवटी तर तो स्वतःच माइकवर सांगू लागला, "बटनवाल्यायनं इकडं या!"

गंगाबाई घरी पोचायच्या आधीच गोष्ट तिच्या मोहल्ल्यात पोचली होती. टोळीतल्या बाया अंगणात जमल्या होत्या. त्यांना सगळं तिच्याच तोंडून, पहिल्यापासून ऐकायचं होतं. तिनं चपला काढल्या, गडूभर पाणी प्यायली आणि ऐटीत मांडी घालून सांगायला बसली.