हनुवटीखालचा पुठ्ठा

ताई गेली आणि चौथ्या दिवशी तो कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून बाहेर पडला, तेव्हा शेजारपाजारच्यांनी भुवया उंचावल्या. त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग अर्धा जबडा आपला राहत नाही, चहा ओठावरून ओघळतो तरी कळत नाही. तसा तो डोक्यापासून पायापर्यंत झाला होता. आणि योगायोग असा, की त्या दिवशीचं कामही दातांच्या दवाखान्यातलंच होतं. सहा डॉक्टर, सहा पांढरे कोट, सहा फोटो, दवाखान्याच्या भिंतीवर लावायला. सहाही जण दात न दाखवता हसले.

"तुमच्या ताई नाही आल्या?" मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मान जरा खाली. अजून. हां."

कामं काय, थोडी होती होय! मंगळवारी नऊ दिवसांचं बाळ, त्यानं ऐन वेळी याची बाही ओली केली. बुधवारी निवृत्त होणारे हेडमास्तर, ते फोटोतसुद्धा कुणाला तरी बाकावर उभं करायला निघाल्यासारखे. मधेच कुणाचे पासपोर्टचे फोटो, कुणाच्या कारखान्यातली नवी यंत्रं. आणि शनिवार-रविवार म्हणजे लग्नं. तो जाई, फोटो काढी, परत येई. फोटो चांगले येत. हात आपले आपण काम करत होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं जणू.

चौदा वर्षं ताई त्याच्याबरोबर होती. याच्याहून सहा वर्षांनी मोठी, बोलायला एकदम फटाकडी. याला ती लहानपणापासून 'एकडोळ्या' म्हणे, कारण हा पोरवयात कागदाची सुरळी करून एक डोळा मिटून घरभर हिंडायचा. पुढे तीच सुरळी महाग झाली, एवढाच फरक. लग्नाच्या हॉलवर पोचलं की पहिलं काम ताईचं. नवरी जिथे बसणार तिथे ती जाऊन उभी राहायची आणि राखाडी रंगाचा एक पुठ्ठा हनुवटीखाली धरायची. त्या पुठ्ठ्यावरून त्याला उजेडाचा अंदाज यायचा, रंग जुळवता यायचे. तो पाच-सात फोटो काढी. ताईची बडबड तेवढ्यातही चालूच. मग विचारी, "झालं का?" तो म्हणे, "झालं." ती बाजूला होई, नवरी येई, आणि मग दिवसभर ताई चौकटीच्या बाहेर. चेहऱ्यांवर उजेड पाडायचा चंदेरी पडदा धरून उभी, नाहीतर डोळे मिटणाऱ्या कुणा काकांना दटावत.

आणि घरी आल्यावर त्याचं पहिलं काम काय, तर ते पाच-सात फोटो पुसून टाकणं. स्वयंपाक करणारा मीठ चाखून बघतो, तो चमचा काही पाहुण्यांच्या पानात वाढत नाही, असं त्याचं म्हणणं. या शिस्तीचा त्याला अभिमानसुद्धा होता.

आता कळलं ना काय झालं ते?

दोन महिन्यांनी आई म्हणाली, "तिचा एक फोटो दे मला. भिंतीवर लावायचाय."

त्यानं ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. आईनं तो खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला.

"ही कोण बाई पकडून आणलीस?"

"अगं, ताईच आहे."

"माझी मुलगी आहे, मला सांगू नकोस. हिचा चेहरा सगळा पिठात बुडवल्यासारखा झालाय. तीळ कुठाय?"

"उजेड जास्त पडलाय. तीळ दिसत नाही."

"उजव्या गालावर होता. कानाजवळ."

"डाव्या, आई."

"उजव्या."

"डाव्या गं. चौदा वर्षं समोर उभी राहायची माझ्या."

"आणि माझ्या मांडीवर होती त्याचं काय?" आई म्हणाली. पण मग फोटो पुन्हा जवळ धरून बारीक आवाजात म्हणाली, "डाव्या होता का रे?"

इथे त्याच्या आत काहीतरी हललं. दुखलं नाही, पण हललं. कारण त्यालाही आता नक्की सांगता येईना. हजारो चेहरे ज्याच्या डोळ्याखालून गेले, नवरीच्या कुठल्या भुवईला कंगवा लागतो ते जो दारातूनच सांगायचा, त्याला सख्ख्या बहिणीच्या गालावरचा तीळ आठवेना. आणि आईच्या मनातूनही तो पुसट होऊ लागला होता. दोघांनी मिळून ताईचा चेहरा हरवला तर तो तिसऱ्या कुणाकडे मागायचा?

त्यानं सगळ्या डिस्क काढल्या. चौदा वर्षांची लग्नं एकामागून एक बघितली. ताई सापडली, नाही असं नाही. एका वऱ्हाडाच्या फोटोत तिचं कोपर होतं. एकीकडे पडद्यामागून आलेली चार बोटं. एका नवरदेवाच्या मामांच्या चष्म्यात ती सबंध उभी होती, पण साबुदाण्याएवढी. त्यानं ते सगळं आईला दाखवलं.

"कोपर काय करू?" आई म्हणाली. "तोंड दे मला तिचं."

यानंतरच्या रविवारी एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका त्याच्यामागे लागले. "हे बघा, तुम्ही लोक निवडून देता ते आम्हाला नको. सगळं द्या. बिघडलेलं, हललेलं, कचरा असेल तोही. आमचं आम्ही बघू."

"कचरा मी देत नाही," तो सवयीनं म्हणाला आणि तिथेच थबकला. काका वाट बघत राहिले. याला मात्र सात वर्षांपूर्वीचा एक हॉल दिसत होता. असेच एक काका, पण चिडलेले. जेवणावरून दोन्ही घरांत काहीतरी बिनसलं होतं आणि त्यांना सगळे फोटो त्याच संध्याकाळी, हॉल सोडायच्या आत हवे होते. त्यानं वैतागून कॅमेऱ्यातलं अख्खं कार्ड जसंच्या तसं डिस्कवर उतरवून हातात ठेवलं होतं. घरी येऊन मग आपल्याकडचे फोटो नेहमीसारखे साफ केले. पण ती डिस्क गेली ती गेली. ताई तेव्हा ओरडली होती, "अरे, माझं थोबाड राहिलंय त्यात!" आणि तो म्हणाला होता, "कोण बघतंय!"

तेवढी एकच चूक, चौदा वर्षांत. देव कुणाच्या हातून काय ठेवून घेईल, सांगता येत नाही.

विचारत विचारत त्यानं पत्ता काढला. सात वर्षांपूर्वीच्या त्या नवरीचं आता कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एका अरुंद रस्त्यावर, चपलांच्या दुकानाशेजारी. ती शिलाई मशीनवर वाकली होती, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. त्यानं ओळख सांगितली तशी तिनं टाचण्या काढल्या.

"अल्बमचं काही राहिलंय का? सात वर्षांनी?"

"नाही. तुमच्याकडे एक डिस्क होती..."

"आहे. बटणांच्या खणात." तिनं सुईखालचं कापड सोडवलं. "सगळं तिकडे ठेवून आले मी, ती तेवढी चुकून माझ्या पेटीत आली. पाच वर्षं झाली मला वेगळं होऊन. डिस्क उघडलेली नाही, उघडणारही नाही. घेऊन जा हवी तर."

"मला तुमचं लग्न नको," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं हवंय. पहिले पाच-सात फोटो."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं: पुठ्ठा, आई, तीळ. सांगताना आवाज सपाट होता, गिऱ्हाइकाला अल्बमचे आकार सांगावेत तसा.

तिनं खण ओढला, बटणं बाजूला सारली. त्यानं लॅपटॉप कापायच्या टेबलावर ठेवला आणि पडदा तिच्याकडून वळवून स्वतःकडे केला, चुकून काही तिच्या नजरेला पडू नये म्हणून. डिस्क कुरकुरली. मग चालली.

पहिल्या फोटोत पुठ्ठाच वाकडा. दुसऱ्यात ताईचे डोळे मिटलेले. दुनियेला दटावणारी बाई स्वतः डोळे मिटायची. तिसऱ्यात तोंड उघडं. चौथा मात्र लख्ख. पुठ्ठा हनुवटीखाली, मान किंचित मागे वळलेली, ओठांवर नुकतंच काहीतरी बोलून झाल्याचं हसू. उजव्या गालावर, कानाजवळ, तीळ.

"सापडल्या?" तिनं विचारलं.

"हो."

 आता रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. बसची वाट बघावी तशी त्यानं थोडा वेळ वाट बघितली. आलं नाही.

"मी बघू?" ती म्हणाली. "म्हणजे... तो नाही ना त्यात?"

"नाही. या फोटोत तुम्ही दोघीच आहात."

"दोघी?"

त्यानं पडदा फिरवला. ताईच्या मागे, जराशी धूसर, आरशापुढच्या खुर्चीत ती नवरी बसली होती. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे, आणि खदखदून हसत होती.

ती बराच वेळ बघत राहिली. "मी हसत होते," ती म्हणाली. मग, "आठवलं! सकाळपासून मी घाबरून बसले होते, आणि या तुमच्या ताई मागे वळून मला म्हणाल्या, आमच्या भावाचा एकच डोळा उघडा असतो हो. अर्धंच लग्न दिसतं त्याला. उरलेलं अर्धं मला बघावं लागतं."

त्याला हे माहीत नव्हतं. तो तेव्हा उजेडाचे आकडे बघत होता.

"हा एक मला द्याल?" तिनं विचारलं. "बाकीचं घेऊन जा, पुसून टाका, काहीही करा."

फोटो मोठा करून त्यानं घरी नेला. आई खिडकीपाशी गेली. या वेळी तिनं तो लांब धरला नाही, जवळच धरून ठेवला.

"उजव्या," ती म्हणाली. "सांगत नव्हते?"

"चुकलं माझं."

"आणि ही पाटी कसली धरलीय, कैद्यासारखी?"

"रंग बरोबर यावेत म्हणून धरायची. कापतो मी तेवढा भाग."

"कापू नकोस," आई म्हणाली. "कामावर होती माझी पोर. कामावरच दिसू दे."

त्यानं खिळा ठोकला. फोटो लावला. मग बॅगेतून तो राखाडी पुठ्ठा काढला, कोपरे ताईच्या बोटांनी मळलेला, आणि आईच्या हातात दिला.

"त्या भिंतीपाशी उभी राहा जरा. हे हनुवटीखाली धर."

"मला कशाला? आता काय माझं लग्न लावतोस?"

"धर गं."

आईनं धरला, उलटा धरला, पण धरला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत आई आणि तिच्या खांद्यामागे ताई, दोघींच्या हनुवटीखाली तोच पुठ्ठा. त्यानं बटण दाबलं.

"झालं का?" आई म्हणाली.

अगदी ताईच्या सुरात. आई ताईसारखी बोलत होती की ताईच इतकी वर्षं आईसारखी बोलायची, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. 'झालं' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ओठ थरथरले आणि शब्द काही फुटेना. दाढ काढून दोन तास झाले की असंच होतं. सुईचा अंमल आधी ओठांवरून उतरू लागतो.

"अरे, झालं का?"

त्यानं मान हलवली. नाही म्हणून. आणि आई पुठ्ठा धरून तशीच उभी राहिली.