मुक्या लोखंडाचे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. रोज सकाळी तुम्ही मला ढकलून वर्गात शिरता. एक दिवस जरा थांबा आणि माझ्या आतल्या अंगाला, तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर, बोट फिरवून पाहा. तिथे बारीक बारीक खळगे लागतील. शेवटी अंगठ्याएवढी जागा चेपून सपाट झालेली लागेल. त्या सपाट जागेत काय होते, ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

मी जन्माने दार नव्हते. जन्माने मी चारशे बारा टोप्या होते.

ओर्विक नावाच्या चंद्रावर खाणी होत्या. तुमच्यासारखी, दुसऱ्याच्या मनातले ऐकू येणारी माणसे तिथे आणून ठेवत. राज्य करणाऱ्यांना अशी माणसे नको होती. मूल सहा वर्षांचे झाले आणि त्याला मनातले ऐकू येते असे दिसले, की शांतता खात्याचे लोक येत आणि त्याच्या डोक्यावर मुक्या लोखंडाची टोपी रिबिटांनी ठोकून बसवत. मुके लोखंड म्हणजे ज्यातून विचार आरपार जात नाही असे लोखंड. टोपीखाली फोड येत, केस झडत. पण टोपीतली माणसे म्हणत, की फोडांचे काही वाटत नाही, शांततेचे वाटते. शेजारी आई निजलेली असे, आणि ती आहे की गेली हे कळत नसे.

म्हणून ती माणसे भिंतीवर ठोके मारायला शिकली. एक ठोका म्हणजे ‘मी आहे’. दोन म्हणजे ‘तू आहेस का?’. पाच सलग म्हणजे ‘उघडा, मदत करा’. आकडे सांगायचे तर तितके ठोके मोजून मारायचे. ही भाषा मी लोखंडाच्या कानांनी शिकले, कारण ठोके मारणारी डोकी माझ्यातच होती.

पुढे ब्रुम नावाच्या एका पहारेकऱ्याने एके दिवशी खाणीचे फाटक उघडे टाकले. त्याला स्वतःला मनातले काडीचेही ऐकू येत नसे. का उघडलेस, असे विचारले की तो म्हणे, “किल्ली जड झाली होती.” चारशे बारा माणसे आणि ब्रुम असे सारे खनिज वाहणाऱ्या एका जुनाट जहाजात घुसले आणि निघाले. जहाजाचे नाव सायरेल. टोप्या उपटून त्यांनी पोत्यात भरल्या. लोखंड ते लोखंड, फेकून कोण देणार?

जायचे कुठे, हे आउनेला ठाऊक होते. आउने तेव्हा पन्नाशीची होती. माणसे जिथून पहिल्यांदा निघाली ते जग, पहिले घर, तिच्या मनात होते. तिच्या आजीने ते तिच्या मनात ओतले होते, आजीच्या मनात तिच्या आजीने. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी आउने सगळ्यांना ते दाखवी. एक उघडे दार, दाराबाहेर वाऱ्याने लवणारे गवत, भर दिवसा दिसणारा एकच चंद्र, आणि उंबऱ्यावर उभी राहून ओच्यातले पीठ झटकणारी एक बाई. बस, एवढेच. पण जहाजातली पोरे त्या पिठाच्या ढगासाठी वर्षभर वाट बघत.

तिथे जायची वळणे मात्र ती दाखवत नसे. शांतता खात्याची जहाजे मागावर होती. कोणी सापडला तर त्याच्या मनातून सगळे ओरबाडून काढायला त्यांना वेळ लागत नसे. लिहून ठेवायची तर बातच नव्हती. लिहिलेले सापडते, हे ती माणसे तीन पिढ्या शिकली होती.

आता माझ्या दार होण्याची गोष्ट. टोप्या गेल्या आणि जहाजात मनांचा गलका उठला. सगळ्यांना सगळ्यांचे ऐकू येऊ लागले. मग त्यांनी एक रीत पाडली. दुसऱ्याच्या मनातले कानी आले तरी आले असे दाखवायचे नाही. त्याने तोंडाने सांगितले तरच उत्तर द्यायचे. रीत चांगली होती. पण गलका काही थांबेना. तेव्हा टिर्वो लोहाराने टोप्यांचे पोते भट्टीपाशी ओढले.

आउने कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “ज्या लोखंडानं आपली डोकी भाजली, त्याचंच दार करतोस?”

“मग काय हार करून गळ्यात घालू?” टिर्वो म्हणाला. “अगं, काल ओडनाची दाढ दुखत होती, तर अख्खी पंगत गाल धरून जेवायला बसली! एक खोली हवी, आउने. माणसाला एकट्याला दुखायला.”

अशी मी घडले. माझ्याच लोखंडाचे पत्रे त्या खोलीच्या भिंतींना आणि छताला लावले. दर वीस दिवसांनी प्रत्येकाला एक तास मिळे. त्या वेळी बाहेर कोणी रेंगाळायचे नाही, माझ्याकडे बघायचेही नाही, अशी शिस्त होती.

ते माझे सुखाचे दिवस. मूल गेलेली एक बाई माझ्यामागे येऊन रडे, म्हणजे नवऱ्याला तिचे रडणे पेलावे लागत नसे. ओडना बेसूर गाई. एक म्हातारा पूर्ण तासभर सुकाणूवरच्यांना शिव्या घाली आणि हसतमुखाने बाहेर पडे. बाहेर पडताना माणसे माझ्यावरून हात फिरवत. ज्या लोखंडाला त्यांनी शाप दिले होते, त्याच लोखंडावरून.

एक गोष्ट मात्र त्यांनी टाकून दिली. ठोक्यांची भाषा. ती टोप्यांच्या दिवसांची, लाजिरवाणी वाटे. मुलांना ती कोणी शिकवली नाही. म्हाताऱ्यांना अधूनमधून स्वप्नात ठोके ऐकू येत आणि ते दचकून उठत. आजूबाजूच्यांना ते कळे, पण रीतीप्रमाणे कोणी काही बोलत नसे.

सत्तावीस वर्षे अशी गेली. शेवटचे वळण जवळ आले. एका निळ्या सूर्याला अगदी खेटून जहाजाचा वेग कमी करायचा, आणि मग आउनेने सांगितलेल्या तीन आकड्यांवर नाक वळवायचे. सुकाणूवर तिची नात सेल्के होती, सव्वीस वर्षांची, जहाजातच जन्मलेली.

“आजी, आज दे ना मला ते आकडे. किती ताणशील?”

“देते गं. आधी घडी नीट घालू दे. या गलक्यात माझं सूत हरवतं. आत बसते, सगळं ओळीनं लावते, आणि मग तुझ्या टाळक्यात ओतते.”

“किती वेळ लागेल?”

“घाई केलीस तर चुकवीन हं वाट. मग फिरा जन्मभर!”

पाण्याचा पत्र्याचा पेला घेऊन ती आत आली आणि तिने मला लोटून घेतले. आजींना लागेल तेवढा वेळ बसू द्या, असे सेल्केने सगळ्यांना सांगितले. म्हणून त्या दिवशी पुढची पाळी कोणाचीच नव्हती.

इतक्या जवळून आम्ही कुठल्याच सूर्याला कधी गेलो नव्हतो. सायरेलची कूस तापू लागली, आणि मी फुगले. मित्रांनो, मी हे लपवणार नाही. मी चौकटीत अशी घट्ट बसले, की आउनेने खांदा लावला तरी हलले नाही. “उघड ना गं बाई,” ती मला म्हणाली. तिने पुन्हा जोर लावला. मग ती खाली बसली. भिंती तापत होत्या. तिने मनातून हाक मारली असेल. ती हाक माझ्यावर आदळून तिच्याकडेच परत गेली. त्यासाठीच तर मला केले होते.

मग तिने पेला उचलला आणि माझ्यावर पाच ठोके मारले.

बाहेरून टिर्वो चालला होता. मागे दोन बायका सुपल्या घेऊन येत होत्या. ठोके ऐकून टिर्वो जागीच थिजला. त्याच्या मनात एकदम खाण उभी राहिली, तो काळोख, ती भिंत. हे पुन्हा डोक्यात वाजायला लागले, असे त्याला वाटले. आउने आत आहे हे ठाऊक असूनही ठोके तिचे असतील असे त्याच्या मनातही आले नाही, कारण आतून कोणाचे मन ऐकू येत नव्हते, आणि जिथे मन ऐकू येत नाही तिथूनही माणूस हाक मारते हे तो सत्तावीस वर्षांत विसरला होता. बायकांनी त्याची खाण ऐकली. रीतीप्रमाणे माना खाली घातल्या आणि आजच्या रश्श्यात मीठ कमी आहे का, यावर बोलू लागल्या.

“लोखंड तापलं की बोलतं,” टिर्वो मोठ्याने म्हणाला आणि चालू लागला.

आउनेने आणखी दोनदा पाच ठोके मारले. मग ती थांबली. बराच वेळ थांबली. मग पेल्याची कड धरून तिने माझ्यावर हळूहळू, नेमाने, खळगे पाडायला सुरुवात केली. सात. मग थोडी जागा सोडून चार. मग तिसरी ओळ. शेवटी शेवटी तिचा हात घसरत होता, पण तिने मोजणे चुकवले नाही.

ब्रुम आता जहाजाचा आचारी होता. सगळे त्याला ‘बंद डबा’ म्हणत. तो वाडगा घेऊन सुकाणूपाशी गेला. “आजी जेवल्या का, पोरी?”

“आत आहे. मध्ये मध्ये करू नकोस.”

“किती वेळ झाला?”

“सात तास.”

“सात तास? आणि पेलाभर पाण्यावर?” ब्रुमचा आवाज चढला. “चारशे डोकी तुमची, आणि एकातही हे आलं नाही? मी बंद डबा ना? मग तुम्ही कोण?”

तो धावत आला आणि त्याने माझ्यावर मूठ आपटली. आतून उत्तर आले नाही. “टिर्वो! पहार आण!”

मी खालच्या बाजूला जास्त फुगले होते, म्हणून टिर्वोने पहार तिथेच घुसवली. तिचे टोक माझ्या तिसऱ्या ओळीच्या शेवटावर दाबले गेले. मी ओरडू शकत नव्हते. मी उघडले.

आउने मला टेकून बसली होती. पेल्याची कड चपटी झाली होती, आणि तो तिच्या हातातून सोडवावा लागला.

कोणी रडले नाही. टिर्वो गुडघ्यांवर बसला आणि खळग्यांवरून बोट फिरवू लागला. ते वाचता येईल अशी म्हातारी माणसे आता थोडीच उरली होती.

“मी ऐकलं होतं,” तो म्हणाला. “पाच ठोके. मी ऐकलं होतं.”

“आम्हीपण,” मागे उभी असलेली एक बाई म्हणाली. “तुझ्या मनात.”

सेल्केने दोघांकडेही पाहिले नाही. “आकडे सांग, टिर्वोकाका.”

“सात. चार.” त्याचे बोट तिसऱ्या ओळीवर गेले. एकेक खळगा मोजत ते सपाट जागेपाशी आले आणि तिथेच फिरत राहिले. “अकरा. पुढं पहारेनं चेपलंय. तिथं आणखी एक असेल. किंवा नसेल.”

“अकरा की बारा?”

“देवाशप्पथ सांगतो, मला कळत नाही.”

मला कळत होते. बारा. बाराव्या वेळी पेला माझ्यात खोल रुतला होता. पण दाराला कोण विचारतो?

“जे दिसतं त्यावर जाऊ,” सेल्के म्हणाली.

अकरावर आम्ही सहा वर्षे गेलो. तिथे विझलेला सूर्य होता आणि बर्फाचे गोटे. वाटेत अन्न कमी पडले आणि त्र्याण्णव माणसे गेली. टिर्वो त्यांतलाच एक. शेवटची वर्षे तो आपला तास माझ्यामागे बसून काढी, पाठ त्या खळग्यांना लावून. अगदी शेवटच्या दिवशी त्याने बोटांनी माझ्यावर दोन ठोके मारले. तू आहेस का? उत्तर द्यायला मला फार वाटले.

त्यानंतर सेल्केने कोणाला न विचारता नाक बारावर वळवले. आणखी अकरा वर्षे लागली. मग एके दिवशी निळ्या आकाशात, भर दिवसा, एकच चंद्र दिसला. तिथे आपली वाट बघणारे कोणी नव्हते. ना उघडे दार, ना पीठ झटकणारी बाई. फक्त गवत होते. म्हातारा ब्रुम अनवाणी उतरला आणि लगेच पाय उचलून म्हणाला, “आयला, हे टोचतं! मला तोंडानं सगळं सांगायची, पण हे कधी सांगितलं नाही तिनं.” मग तो खाली बसला आणि रडला. आउनेसाठी मोठ्याने रडणारा तो पहिलाच.

सायरेल कापून घरे बांधली, आणि मला तुमच्या शाळेला लावले. आत येण्याआधी ठोकावे, ही नवी रीत सेल्केने घातली. तुम्ही ती पाळता, मला माहीत आहे. एक थाप मारता आणि लगेच पुढे पळता. माझ्या बिजागऱ्या गंजल्या आहेत, कोणी तेल घालत नाही. त्याचे मला फारसे वाटत नाही. पण तुम्ही थांबत नाही, त्याचे वाटते.

त्या चेपलेल्या जागेत बाराव्या खळग्यानंतर, थोडे अंतर सोडून, आणखी एक ठोका होता. एकटाच. तो आकड्यातला नव्हता. वाट सांगून झाल्यावर आउनेला एवढेच सांगायचे उरले होते. मी आहे.

म्हणून मित्रांनो, कुठल्याही दारावर ठोकाल तेव्हा क्षणभर थांबा आणि कान द्या. आणि आतून काहीच ऐकू आले नाही, म्हणून आत कोणी नाही असे समजू नका.