सतराव्या गाठीचा फळा

मित्रांनो, मला उचलून पाहू नका. माझ्याखाली विहीर आहे. आज मी तिचं झाकण असलो, तरी जन्माने फळाच. मोडक्या होडीच्या लाकडातून सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि किलिफी गावाजवळच्या, समुद्रकाठच्या एका हॉटेलात, लाँड्रीच्या भिंतीवर टांगलं.

लाँड्रीची मुकादम काद्झो रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडी. पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या, ते माझ्यावर लिही. आकडा वाढला, म्हणजे पाणी खोल गेलं. कुंपणापलीकडे तिचं घर होतं, आणि तिच्या आडाला याच विहिरीचा झरा होता.

मला वाचून माळी नळ बंद करी, स्वयंपाकी भांडी टबात विसळी. खोल्या आवरणारी म्बेयू मात्र कुरकुरे.

"आज बारा गाठी, म्बेयू. टॉवेल हुंगून मगच धुवायला टाक."

"पाहुण्यांचे टॉवेल मी हुंगू, ताई?"

"लग्न झाल्यावर नवऱ्याचे हुंगशीलच की! आत्तापासून सवय कर."

सगळी लाँड्री हसे. मीही हसत असे, खडूच्या धुळीत.

मग नवे साहेब आले. त्यांनी खोल्यांत सुंदर कार्डं ठेवली, पाहुण्यांच्या इटालियन भाषेत. मला भिंतीवरून उतरवलं. त्या दिवशी माझ्यावर सतराचा आकडा होता.

"साहेब, पोरींना आकडा कळायला हवा," काद्झो म्हणाली.

"आकडे माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. तुम्ही इस्त्रीकडे बघा."

पाहुणे टॉवेल खुंटीला टांगू लागले. वापरलेला टॉवेल टांगलेला दिसला, की म्बेयूला आपलंच काम राहिल्यासारखं वाटे. ती एकूण एक टॉवेल धुवायला टाकी. पंप दिवसभर चाले. हॉटेलच्या दारात पर्यावरणाच्या बक्षिसाची पितळी पाटी लागली.

गोडं पाणी उपसून गेलं, आणि वर्षभराने त्याच्या जागी विहिरीत समुद्र शिरला. पाणी खारट झालं, कुंपणापलीकडचंही. काद्झोचा चहा नासला. डोक्यावर पिवळा डबा घेऊन ती लांबच्या नळाला जाऊ लागली.

एकदा पाहुण्यांची भाषा शिकलेल्या वाढप्याने खोलीतलं ते कार्ड वाचून दाखवलं: 'टॉवेल पुन्हा वापरणार असाल, तर खुंटीला टांगा. टांगलेला टॉवेल आम्ही धुणार नाही.' म्बेयू ते कार्ड घेऊन काद्झोकडे धावली.

"ताई, तुमचं पाणी मीच संपवलं."

"तुला कुणी सांगितलंच नाही, पोरी."

विहीर बंद करताना कुणीतरी मला तिच्यावर पालथा घातला.

मित्रांनो, पाणी वाचवायचं असेल, तर बादली ज्याच्या हातात आहे त्याला आधी सांगा. काद्झोच्या अक्षरातला तो सतराचा आकडा अजून माझ्यावर आहे, पण त्याचं तोंड खाली आहे. वाचणारं कुणी नाही; नुसतं पाणी आहे, आणि त्याला ते आधीपासूनच ठाऊक होतं.