बुडी न मारणारे चांदवे

आक्काताईंनी एसटीत चोवीस वर्षं कंडक्टरकी केली. भरल्या गाडीत दारातून एक नजर टाकली की उभे किती, बसलेले किती, हे त्या चुटकीसरशी सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्या कोडोलीच्या वाटेवरल्या तलावावर पक्षी मोजायला जाऊ लागल्या. तिथे त्यांच्या वाट्याला काय आलं, तर चहाचा स्टोव्ह.

तलावाच्या बांधावर पत्र्याच्या खोलीत पक्षी निरीक्षण केंद्र होतं आणि केंद्रात बाळासो सर होते. गणिताचे निवृत्त मास्तर. तिपाईवरची मोठी दुर्बीण त्यांची, वही त्यांची, वहीत चढणारा आकडाही त्यांचाच. मनातल्या मनात पाण्याचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन मोजायचा, ही त्यांची पद्धत. आक्काताईंचा नजरेचा अंदाज वहीत चालायचा नाही, असं त्यांनी सगळ्या स्वयंसेवकांसमोर सांगून टाकलं होतं. ते आक्काताईंना झोंबलं. वार्षिक गणती आठवड्यावर आली होती आणि त्या दिवशी त्यांना दुर्बिणीमागे बसायचं होतं. चहा गाळायला घर होतंच की.

म्हणून आदल्या रविवारी त्यांनी सरांना डिवचलं. सराव म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं, तेही फक्त चांदवे. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेली ही पाखरं तलावात शेकड्यांनी पोहत असतात. ज्याचा आकडा जास्त चुकेल, त्यानं गणतीला स्टोव्ह सांभाळायचा. सर हसून तयार झाले. खरा आकडा ठरवणार कसा, हे मात्र गणिताच्या मास्तरांना विचारायचं सुचलं नाही.

त्याची सोय आक्काताईंनी पहाटेच लावली होती. पोहायला शिकणारी पोरं कमरेला बांधतात तसले वाळके भोपळे आणले, चांगले अकरा. त्यांना काजळी फासली, चुन्याचं बोट टेकवलं आणि सुतळीनं दगड बांधून ते पाण्यात सोडायला मासेमार जोतीरामला धाडलं. टायरच्या ट्यूबवर बसून जाताना त्याला एवढं हसू येत होतं की तो दोनदा पाण्यात पडता पडता वाचला.

दीड तास मोजणी चालली. सरांचे चांदवे भरले चारशे बारा, आक्काताईंचे चारशे दोन.

"धा पाखरं खाल्लीसा की वो आक्काताई," सर म्हणाले. बाकीचे खाली मान घालून हसले.

आक्काताईंनी जोतीरामला खूण केली. तो ट्यूब वल्हवत आत शिरला तसे चांदवे भर्रकन पांगले. जे जागचे हलले नाहीत, ते त्यानं एकेक उचलून पोत्यात घातले. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, इथे तो पोत्यात भरून काठावर आला. मंडळी पोट धरून हसली. एवढे सगळे मोजणारे तिथे उभे होते, पण भोपळे किती निघाले ते एकानंही मोजलं नाही.

आक्काताईंचं हसू मात्र मध्येच विरलं. बुडी न मारणारे ते त्यांनी मोजताना वगळले होते, पण फरक दहाचा आणि भोपळे अकरा. एकाची सुतळी सुटून तो थव्यात वाहत गेला असणार, आणि त्याला त्यांनी पाखरू म्हणून मोजलं होतं.

"धाच हुते न्हवं?" सरांनी पडेल आवाजात विचारलं.

व्हय म्हटलं की आकडाही बिनचूक ठरणार आणि दुर्बीणही आक्काताईंची. जोतीराम काही बोलणारा नव्हता. पण मग वहीत चारशे दोन चढणार आणि तलावात तेवढे चांदवे नव्हते. आक्काताईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी पोतं उलटं केलं.

"अकरा हायत, सर. माजाच एक भोपळा मीबी पाखरू म्हणून मोजलाय."

सरांनी भोपळे एकेक करून मोजले. मग त्यांनी चारशे बारा खोडून चारशे एक लिहिलं आणि वही आक्काताईंपुढे सरकवली.

"मी अकरा चुकलो आन् मला पत्त्या न्हवता. तुमी एक चुकलासा, त्येबी आपल्या तोंडानं सांगितलासा. गणतीला दुर्बिणीवर तुमीच बसायचं."

आठवड्यानं आक्काताई दुर्बिणीमागे बसल्या. मागे बाळासो सर अर्धा तास स्टोव्हला पंप मारत होते आणि तो काही केल्या पेटत नव्हता. सगळे चहावाचून ताटकळले होते. आक्काताईंनी मान वळवली नाही.