आईंनी लावलेले दिवे

चावी फिरवली की गाडी फक्त ‘टक’ म्हणत होती. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. आणि दर टकनंतर नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू तो आवाज मीच काढतेय.

“बॅटरी उतरली असेल,” मी म्हणाले.

“काहीतरी बोलू नकोस. रात्रभर घरातल्या प्लगला लावून ठेवलीय. हे बघ.” त्याने मागच्या भागातला दिवा लावला. लख्ख लागला. पंखा लावला, गरगर फिरला. सिंकचा नळ सोडला, तर घुर्र करून पाणीही आलं. “आता बोल! उतरलेल्या बॅटरीवर चालतं का हे सगळं?”

नवऱ्याला आपण बरोबर आहोत असं वाटत असलं की थोडा वेळ वाटू द्यावं, हे मी संसारात शिकलेय. पण त्या दिवशी तेवढासुद्धा वेळ आमच्याकडे नव्हता. कारण मागच्या बाकावर आई बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर पर्स, नजर खिडकीबाहेर.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची थोरली बहीण, आमची मावशी, समुद्राकाठी राहते, अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. मावशीचे गुडघे गेलेत, ती उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही. आईंची कंबर गेलीय, गाडीच्या सीटवर त्यांना बसवत नाही. दोघी रोज फोनवर भांडतात, अबोला धरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतात. पण एकमेकींचं तोंड पाहून कितीतरी वर्षं झाली. मागे एकदा आम्ही छोट्या गाडीतून आईंना घेऊन निघालो होतो. गावाबाहेरच्या पुलापर्यंत पोचलो आणि त्या कळवळल्या. गाडी वळवावी लागली. मावशी मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दारात खुर्ची टाकून बसली होती. तेव्हापासून आईंनी जायचं नाव घेतलं नाही.

म्हणून ही मोटरहोम घेतली. जुनी, कुणाकुणाच्या हातांतून गेलेली, पण आत पाठ टेकायला पलंग आणि झोपल्याझोपल्या बांधायला पट्टे असलेली. आई तिला ‘धूड’ म्हणतात. घर असताना घराएवढी गाडी आणणारी माणसं त्यांनी म्हणे कुठे पाहिली नव्हती. त्यांना तयार करता करता माझ्या तोंडाला फेस आला. दोनदा जायचं ठरलं आणि दोनदा मोडलं. एकदा कंबर आडवी आली, एकदा मांजर. मांजराला बरं नाही, त्याला टाकून कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. मांजर शेजाऱ्यांचं होतं.

आज त्या आपल्या पायांनी पायरी चढल्या होत्या. एकदा खाली उतरल्या की पुन्हा चढायच्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“होत नसेल तर राहू द्या बाई,” आतून आवाज आलाच. “गाडीच्याच मनात नाही.”

“गाडीला मन नसतं, आई. तुम्ही बसून राहा,” मी म्हणाले आणि माझ्या भावाला फोन लावला.

माझा धाकटा भाऊ टायरच्या दुकानात काम करतो. म्हणजे मेकॅनिक नव्हे. पण उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वीज द्यायची जंप केबल त्याच्याकडे असते, आणि भाऊजींना चिडवायची संधी तो हातचं जेवण टाकून साधतो. दुकानाची व्हॅन घेऊन तो लगेच हजर झाला.

“काय भाऊजी, ढकलू का?”

“हे धूड ढकलायला तुझ्यासारखे दहा लागतील.”

“माझ्यासारखा एकच आहे. ताईला विचारा.”

मग दोघे गाडीखाली शिरले. आतून ठोकाठोकीचे आवाज आले, ‘पाना दे’, ‘हा नाही तो’ असं बराच वेळ चाललं, आणि दोघे तोंडं काळी करून बाहेर आले. “स्टार्टर गेलाय,” दोघे एका सुरात म्हणाले. माझ्या लग्नापासून या दोघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला लगेच शंका आली. मी पुढे चढले आणि हॉर्न दाबला. म्हातारी मेंढी खोकावी तसा आवाज आला.

“काय रे, हॉर्न वाजायला स्टार्टर लागतो का?”

भावाने डोकं खाजवलं. मग बॉनेट उघडून मीटरच्या तारा आतल्या बॅटरीला लावल्या, आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “ताई, या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक मागे पलंगाखाली. दिवे, पंखा, पाण्याचा पंप सगळं तिच्यावर. ही पुढची फक्त इंजिनची. घरातल्या प्लगवर मागचीच भरते. भाऊजी, तुम्ही जेवलेल्याला रात्रभर वाढत बसलात आणि उपाशी माणूस दाराबाहेर!”

“विकणाऱ्याने हे सांगितलंच नाही,” नवरा पुटपुटला.

“सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तू तेव्हा सगळं कळल्यासारखी मान डोलवत होतास.”

बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड चढली होती. मी आतल्याच शेगडीवर पाणी गरम केलं आणि जुना टूथब्रश शोधून दिला. नवरा मुकाट्याने टोकं घासायला लागला. त्याला घासताना बघून मला, खरं सांगते, बरं वाटलं.

“पण नुसती उभी राहून बॅटरी इतकी उतरत नाही,” असं म्हणत भाऊ ड्रायव्हरच्या सीटवर वाकला. “हे काय! हेडलाइटचं बटण चालूच आहे की. रात्रभर जळत राहिले असणार.”

गाडीचं तोंड कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटून, वरून सकाळपर्यंत ताडपत्री. आतल्या आत दिवे जळले तर कुणाला दिसणार? नवऱ्याने ब्रश थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काल आत झाडत कोण होतं?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “झाडायला हेडलाइट लागतात का? तुझ्या त्या प्लगपायी सकाळ फुकट गेली ती गेली, वर मलाच—”

“मी फक्त विचारलं.”

“तुझं विचारणं मला माहीत आहे!”

“पुरे!” आई दारात येऊन उभ्या होत्या, एक पाय पायरीवर. “माझ्यापायी भांडणं नकोत. उतरते मी. बॅग घरात घ्या.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांचा दुसरा पाय खाली येणार, तेवढ्यात स्टिअरिंगपुढे ठेवलेला त्यांचा फोन वाजला. आईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. भाऊ जवळच होता, त्याने उचलला.

“काय गं धाकटे!” मावशीचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला. “काल मला बोगद्यात सोडून कुठे उलथलीस? अंधार आहे, दिवे लाव म्हटलं, तर दिवे लावलेस आणि फोनच ठेवलास! रात्रभर मी आपली बोगद्यात. आज तरी बाहेर काढ. आणि आधी हॉर्न दे. त्याशिवाय मला गाडीत बसल्यासारखं वाटत नाही.”

 आई लालबुंद झाल्या. त्यांनी भावाच्या हातून फोन ओढून घेतला, “आक्का, मागाहून करते,” म्हणाल्या आणि बंद केला.

“काकू,” भाऊ म्हणाला, “चांगलेच दिवे लावलेत की!”

आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. नवरा टूथब्रश हातात धरून भिंतीला टेकला. आई आमच्यावर डोळे वटारत होत्या, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलत होते.

“तुम्ही दोघं कामावर गेलात की मी येऊन बसते पुढच्या सीटवर,” शेवटी त्या म्हणाल्या. “रस्ता आक्काला पाठ आहे. ती फोनवर सांगते, मी चालवते.”

“चालवता?” मी किंचाळलेच.

“स्टिअरिंग धरते गं नुसतं! नदी झाली, घाट झाला. काल बोगदा होता. तेवढ्यात तुझ्या चपला वाजल्या, म्हणून घाईघाईने उतरले. फोनही तिथेच राहिला.” मग त्यांनी शाल सावरली. “हसा, हसा. कंबर किती वेळ टिकते ते बघत होते मी. काल अख्खी दुपार टिकली.”

माझं हसू तिथेच थांबलं. इतके दिवस मी समजत होते की या बाईला मी ओढून नेतेय. आणि त्या रोज दुपारी, कुणाला कळू न देता, स्वतःच निघत होत्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांची बॅग उचलून पुन्हा पलंगाखाली सरकवली.

“मावशीला सांगितलंत का, आज खरंच निघतोय म्हणून?”

“नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही. मागच्या वेळी दिवसभर बसली होती ती दारात. पुन्हा नाही बसवायची मला तिला.” त्यांनी पायरीवरचा पाय वर घेतला, पलंगावर जाऊन आडव्या झाल्या आणि पट्टा स्वतःच्या हाताने बांधला. “आता लावा ती केबल.”

भावाने व्हॅन जवळ आणली. लाल केबल लाल टोकाला, काळी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. व्हॅन थोडा वेळ चालू ठेवली आणि मग नवऱ्याला खूण केली. नवऱ्याने चावी फिरवली. टक झालं नाही. धूड एकदा थरथरलं, खाकरलं आणि धडधडायला लागलं. भाऊ अंगणात नाचला. नाचता येत नाही त्याला, तरी नाचला.

“वाटेत इंजिन बंद करू नका,” त्याने केबल गुंडाळता गुंडाळता बजावलं. “बॅटरी भरेपर्यंत चालवतच राहा. आणि भाऊजी, दिवे मी बंद केलेत. आता तुम्ही काही लावू नका.”

पूल आला. नवऱ्याने वेग कमी केला. मी आईंच्या पायाशी बाकावर बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले, मुठी घट्ट आवळलेल्या.

“दुखतंय का?”

“दुखतंय,” त्या म्हणाल्या. “चालू दे.”

पूल संपला. पलीकडची शेतं लागली. मुठी हळूहळू सैल पडल्या, आणि थोड्या वेळाने आई घोरू लागल्या. आमच्या घरात तीन खोल्या ओलांडून ऐकू येतं ते घोरणं, इंजिनालासुद्धा पुरून उरलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी झटकन उचलला आणि आवाज कमी केला.

“काय गं, मागाहून करते म्हणालीस ते हेच का? बोगद्यातून काढणार आहेस की—”

“मावशी, मी बोलतेय. आई झोपल्यात.”

“अशी मधेच झोपते? मग खेळायचं कसं?” ती बोलता बोलता थांबली. “हा आवाज कसला गं?”

सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण खोटंही माझ्या तोंडून निघेना. “इंजिनचा,” मी म्हणाले.

“रेडिओ असेल.”

“रेडिओ नाही, मावशी.”

 मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “पूल?”

“मागे पडला.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशीने घरातल्या कुणाला तरी हाका मारल्या, “अरे, येतेय ती! खरीखुरी येतेय!” आणि ते सगळे धावत आले तसं त्यांनाच गप्प बसवलं, कारण त्यांच्या गलक्यात तिला ऐकू येईना.

“तिला उठवू नकोस,” ती मला म्हणाली. “फोनही ठेवू नकोस. लहानपणी या घोरण्यापायी मी हिला लाथ मारून अंथरुणाबाहेर काढायचे.” तिचा आवाज फुटला. “आज घोरू दे. मी ऐकते.”

मी फोन उशीजवळ ठेवला. पुढून नवऱ्याने विचारलं, वळणावर चहाचं दुकान आहे, जरा थांबूया का?

“गाडी थांबवलीस तर याद राख,” मी म्हणाले.