मिनिटाला वीस

वॉर्डात एक जुनी रीत होती. ताप, नाडी, रक्तदाब मोजायचा आणि श्वासाच्या रकान्यात डोळे झाकून ‘वीस’ लिहायचं. श्वास मोजायचा तर पेशंटच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, आणि बारा खाटांची बारा मिनिटं आणायची कुठून? नवी नर्स सुरुवातीला मोजायची. “नव्याचे नऊ दिवस,” जुन्या सिस्टर हसायच्या. बिचारी दहा दिवस टिकली. अकराव्या दिवसापासून तीही वीस लिहायला लागली.

त्या दुपारी दोन वाजता सात नंबरचे शिंपीकाका डोळे मिटून कुशीवर पडले होते. तिने हळूच दंडाला पट्टा बांधला, आकडे घेतले, वीस लिहिलं आणि पुढे गेली. साडेतीनला काकांचे ओठ निळे पडले. धावाधाव झाली, ऑक्सिजन लावला, पण पाचच्या आत सगळं संपलं.

डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून काकांच्या मुलीला समजावलं, “दोन वाजता श्वास अगदी व्यवस्थित होता. अचानक झालं. कुणाच्या हातात नव्हतं.”

मुलीने नर्सचे दोन्ही हात धरले. “सिस्टर, मी एक वाजता घरी निघाले तेव्हा बाबा म्हणाले, दम लागतोय, थांब जरा. मला वाटलं, नेहमीची कुरकुर. दोनला ठीक होते म्हणून बरं, नाहीतर जन्मभर स्वतःला खात बसले असते.”

नर्सने हळूच हात सोडवून घेतले.

रात्री खोलीवर नर्सला आईचा फोन आला. “जेवलीस का गं?” ती हो म्हणाली. डबा न उघडलेलाच पडला होता. चोराच्या मनात चांदणं. शेजारच्या मुली भिंतीपलीकडे हसल्या तरी तिला वाटे, यांना कळलं. आईला सांगावं तर आई रडणार, मैत्रिणींना सांगावं तर त्या म्हणणार, सगळेच लिहितात. इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

सकाळी ती मोठ्या सिस्टरसमोर उभी राहिली. सगळा वॉर्ड त्यांना हेडमास्तरीण म्हणायचा. “मी मोजलंच नव्हतं,” ती म्हणाली.

हेडमास्तरीणबाईंनी तक्ता उघडला आणि काल सकाळी दहाच्या नोंदीवर बोट ठेवलं. “दहाचं वीस माझं आहे,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट लिही. मीही लिहिते. पण त्या पोरीला सांगायला जाऊ नकोस. आपला जीव हलका करायला तिच्या उरावर धोंडा कशाला?”

हे तिला पटलंही होतं. पण दुपारी मुलगी कागद न्यायला आली आणि म्हणाली, “कालपासून सगळ्यांना तेच सांगतेय, सिस्टर. दोनला श्वास ठीक होता.” मग नर्सला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे बाबांना खरंच दम लागत होता?”

“माहीत नाही. मी बघितलंच नाही.”

मुलगी बाकावर बसली. “आता घरी काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

“तुमचं सांगेनच,” मुलगी म्हणाली. “पण थांब असं ते मला म्हणाले होते.”